ताई तीन वर्षांत डॉक्टर कशी झाली? (चित्रमालिकेतलं कॉलेज)

धरमपेठकर

सकाळच्या चहाबरोबर आपल्याकडे जी कौटुंबिक चित्रमालिका वाचली जाते, तिच्यासाठी हा धागा काढतेय. नाव मुद्दाम लिहीत नाही, चित्रकारांवर व्यक्तिगत रोख नको. बाबा, आई, आजी, ताई आणि धाकटा एवढं सांगितलं की वाचणाऱ्यांना कळेलच.

या मालिकेवर माझा जीव आहे, म्हणूनच लिहितेय. तान्ह्या पोळ्याला धाकट्याचा लाकडी नंदी गल्लीत सगळ्यांत लहान निघतो आणि आजी जुन्या लुगड्याच्या काठाची झूल करून त्याला सजवते, ती पट्टी मी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. एप्रिल आला की बाबा कूलर माळ्यावरून उतरवतात, ताट्यांत नवी खस भरतात आणि पंप सुरू केला की पाणी नेमकं हॉलमध्ये गळतं. दर उन्हाळ्यात हे यायचं आणि दर वेळी हसू यायचं. नागपूरचं घर या माणसानं आतून पाहिलं आहे, यात शंकाच नव्हती.

मग ताई बारावी झाली, मालिका कॉलेजात शिरली आणि पार गडबडली.

आधी हिशोब मांडते. ताईचे बोर्डाचे पेपर सुरू होते तेव्हा धाकटा सातवीत होता. धाकट्याची दहावी या मार्चमध्ये झाली आणि पुढच्याच महिन्यात बाबा दारावर 'डॉ.' लिहिलेली पितळी पाटी ठोकताना दिसले. म्हणजे तीन वर्षं. एमबीबीएस साडेचार वर्षांचं, वर एक वर्ष इंटर्नशिप. साडेपाच वर्षांच्या आत कोणी बाहेर पडत नाही. सगळ्यांचीच वयं थांबवली असती तर मी काही बोलले नसते. 'चिंटू' 1991 मध्ये सुरू झाला तेव्हा शाळकरी होता आणि वर्षानुवर्षं शाळकरीच राहिला. त्याचं वय विचारावंसं कोणाला वाटलं नाही, कारण त्या जगात कोणीच मोठं होत नाही. पण एकाच घरात भावाची वर्षं एका वेगानं आणि बहिणीची दुसऱ्या वेगानं, हे कसं पटावं?

दुसरं, प्रवेश. व्यावसायिक कॉलेजच्या प्रवेश विभागात माझी नोकरी गेली, त्यामुळे हे जास्तच टोचलं. मालिकेत बारावीचा निकाल सकाळी लागतो, संध्याकाळी बाबा पेढ्यांचा पुडा घेऊन कॉलेजात जातात, प्राचार्य हात मिळवतात, झाला प्रवेश. 'नीट' या प्रवेशपरीक्षेचं नावसुद्धा नाही. खऱ्या घरात बारावीच्या निकालाचा आनंद धड करता येत नाही, कारण नीटचा निकाल डोक्यावर असतो. तो आला की राज्याच्या यादीतला क्रमांक, मग पसंतीक्रम भरायचे, पहिली फेरी, दुसरी फेरी. नागपूरची सरकारी कॉलेजं, म्हणजे मेडिकल किंवा मेयो मिळेल, की यवतमाळ, अकोला, गोंदिया, चंद्रपूर? पहिल्या फेरीत लांबचं लागलं तर घ्यायचं की थांबायचं? यावर जेवताना रोज वाद, आणि मामांचा फोन आला की नवा वाद.

आणि कागद! डोमिसाइल, नॉन क्रिमीलेअर, जातवैधता, टीसी म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. माझ्या खिडकीवर बापमाणसं यायची ती फाइल दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, कारण बाहेर जुलैचा पाऊस. मूळ टीसी खिडकीतून आत सरकवायची वेळ आली की बोटं कागदावरून सुटायची नाहीत. मी अलीकडून ओढायची, ते पलीकडून धरून. "मॅडम, हे परत मिळन नं?" पावती हातात पडेपर्यंत खिडकीचा गज सोडायचे नाहीत. दरवर्षी पाहिलं मी हे. चार चौकटींत बसणारी गोष्ट आहे, अगदी या मालिकेच्या स्वभावाची. चित्रकार तिच्या शेजारून निघून गेले आणि प्राचार्यांशी हस्तांदोलन काढत बसले.

तुम्हाला काय वाटतं? ज्यांची मुलं सध्या कॉलेजात आहेत त्यांनी जरूर लिहा.

मेडिकलचौक

मॅडम, तुमचा हिशोब बरोबर आहे. मी मेडिकलचाच माजी विद्यार्थी, आता डॉक्टर, त्यामुळे ताईच्या शिक्षणाबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

पहिल्या वर्षाला असताना कॅन्टीनवाल्या काकांच्या छातीत कळ येते, ताई नाडी बघते, पर्समधून गोळी काढून देते, काका उठून बसतात आणि सगळे प्रोफेसर टाळ्या वाजवतात, ही मालिका आठवडाभर चालली होती. पहिल्या वर्षाला विषय तीन: शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. औषधशास्त्र दुसऱ्या वर्षी येतं. 2019 पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षीही मुलांना थोडं वॉर्डात नेतात, पण ते ओळख व्हावी म्हणून. ताईनं दिलेली गोळी कशी काम करते हे तिला अजून कोणी शिकवलेलंच नव्हतं. खऱ्या विद्यार्थिनीनं पळत जाऊन कॅज्युअल्टीतल्या रेसिडेंट डॉक्टरला बोलावलं असतं, आणि तेच शहाणपणाचं झालं असतं. छातीत कळ आलेल्या माणसाला अर्धवट शिकलेल्यानं गोळी द्यायची, हे कौतुक म्हणून छापलं जावं याचा मला मनापासून राग आला. आपल्याकडे गल्लोगल्ली हेच चालतं आणि त्याचे पेशंट शेवटी आमच्याकडे येतात.

पहिल्या वर्षाची खरी गोष्ट हाडांची असते. आमच्या वेळी सीनिअरकडून बोन सेट घ्यायचा, म्हणजे अर्धा सापळा. माझा सेट कापडी पिशवीत आला आणि मी तो सायकलच्या हँडलला अडकवून महाल भागातल्या घरी नेला. आजीनं पिशवीत काय म्हणून विचारलं. अभ्यासाचं सामान, मी म्हणालो. संध्याकाळी तिनं पिशवी उचलून बाजूला ठेवायला घेतली आणि आतून मांडीच्या हाडाचं टोक बाहेर आलं. त्या दिवसापासून पिशवी देवघराच्या भिंतीला लागून ठेवायची नाही, असा नियम झाला. मी जिन्याखाली पोतं अंथरून, बल्ब ओढून घेऊन अभ्यास करायचो. दोन महिन्यांनी पार्ट एंडिंगच्या, म्हणजे एक भाग शिकवून झाल्यावरच्या परीक्षेच्या, आदल्या रात्री आजी जिन्याखाली वाकून म्हणाली, "बाईचं आहे का माणसाचं रे?" मी तिला कटीच्या हाडावरून कसं ओळखतात ते दाखवलं. ती खाली बसली आणि म्हणाली, "म्हणून बाईला वेगळं." मग तिनं प्रत्येक हाडाचं नाव विचारलं, आणि माझी उजळणी तिच्यासमोर झाली.

मालिकेत आजी आहे, देवघर आहे, डॉक्टरकीला गेलेली नात आहे. सगळं सामान घरात असताना कॅन्टीनमधला हृदयविकार कशाला लागतो, हे मला खरंच कळत नाही.

आणखी एक. ताईची गुणपत्रिका आणायला बाबा नागपूर विद्यापीठात रांगेत उभे दाखवलेत. 1998 मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं. तेव्हापासूनच्या मेडिकलच्या मुलांच्या परीक्षा तिकडून होतात.

काटोलनाका

मले तं सगळ्यात जास्त हे खटकते का मालिकेतले पोट्टे कॉलेजात गेले का एकदम पुण्याचे होऊन जातात. घरात आजी "काहून रे" म्हणते, बरोबर वाटते. अन् कॅन्टीनमध्ये सारेच "अगं, मला असं वाटतं की" करून राहिले. नागपुरात कोणत्याई कॉलेजच्या बाहेर चहाच्या टपरीवर उभं राहून पाहा. आमचे पोट्टे आपसात हिंदीत बोलतात, घरून फोन आला का मराठीत येतात, अन् सर समोर आले का इंग्रजीत अटकतात. माह्या पोरीच्या ग्रुपमध्ये एक तेलुगू, एक सिंधी, एक बालाघाटची, अन् ही. चौघी मिळून तर्री पोहा खातात अन् हिंदीतच भांडतात. चित्रात चारई पोरींचे चेहरे एकसारखे अन् चारई पोरी मराठी. असं नसते नं बावा इथं.

रेषाप्रेमी

मी दिवाळी अंकांसाठी चित्रं काढतो, त्यामुळे चित्रकाराची बाजू मांडायला हवी असं वाटतं.

रोजची पट्टी म्हणजे तीन किंवा चार चौकटी. पहिली चौकट काल काय झालं याची आठवण द्यायला जाते, शेवटची हशासाठी राखून ठेवावी लागते. मधे उरतात दोन. त्यात प्रवेशाच्या फेऱ्या समजावायच्या कशा? शिवाय चित्रं काही आठवडे आधी द्यावी लागतात. प्रवेशाचं वेळापत्रक पुढे सरकलं की पट्टी छापून येईपर्यंत ती शिळी. आणि पेपर उघडणाऱ्यांत कधी कॉलेजची पायरी न चढलेले लोकही आहेत, त्यांनाही ती पट्टी कळायला हवी.

वयाचं म्हणाल तर पात्रं मोठी करणं ही जगातली सगळ्यांत अवघड वाट आहे. अमेरिकेत 'गॅसोलीन अॅली' 1918 मध्ये सुरू झाली. 1921 च्या 14 फेब्रुवारीला त्यातल्या एका माणसाच्या दारात कोणीतरी बाळ सोडून गेलं, आणि ते बाळ मग खऱ्या वर्षांनी वाढलं, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेलं, संसाराला लागलं. कॅनडातली 'फॉर बेटर ऑर फॉर वर्स' 1979 ची. तिच्यातली मुलंही वाचकांच्या मुलांबरोबर वाढली. हे फार थोड्यांना साधलं. उलट 'डून्सबरी' पाहा. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रातून ती निघाली, 1970 पासून देशभर छापली जाऊ लागली, आणि त्यातले विद्यार्थी 1983 पर्यंत विद्यार्थीच होते. तेरा वर्षं कॉलेज! चित्रकारानं दीर्घ सुट्टी घेतली आणि परत आल्यावर त्यांना पुढच्या आयुष्यात नेलं. वर्षांचा हिशोब चुकला म्हणून मालिका वाईट ठरत नाही.

धरमपेठकर

रेषाप्रेमी, उदाहरणं मोलाची दिलीत. पण तुमचंच तिसरं उदाहरण माझ्या बाजूनं बोलतं. तिथे वर्षं ताणली गेली तरी माणसं खरी होती, कारण चित्रकार स्वतः त्याच आवारात शिकत असताना ती जन्मली. वर्षांत सूट द्यायला मी तयार आहे. तपशिलात का द्यायची? कूलर गळतो ती पट्टी करताना त्यांनी पंप, ताटी, पाइप सगळं नीट काढलं होतं. तीही चारच चौकटींत. आणि फेऱ्या समजावा असं मी म्हणतच नाही. बाप टीसी सोडत नाही एवढं काढलं तरी पुरे, ते कॉलेजची पायरी न चढलेल्यांना सगळ्यांत आधी कळेल.

बर्डीवाला

मी या धाग्यावर बहुधा सगळ्यांत वयस्कर. 1980 च्या दशकात मॉरिस कॉलेजात होतो. मालिकेतली निवडणूक आठवते ना? ताईच्या कॉलेजात जीएसची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या जनरल सेक्रेटरीची निवडणूक, उघड्या जीपमधून प्रचार, भिंतीवर चुन्यानं नावं, गुलाल, रात्री दोन गटांत मारामारी, आणि ताई मधे पडून दोघांना राखी बांधते.

राखीचं सोडा. जीप, चुना, गुलाल हे सगळं मी पाहिलेलं आहे, भाग घेतलेला आहे. पण ते तेव्हाचं. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजांतल्या थेट निवडणुका गेल्या आणि विद्यार्थी परिषदेवर गुणांच्या आधारे मुलं नेमली जाऊ लागली. 2016 च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद पुन्हा आली, 2019 मध्ये त्या होणार असं ठरलंही, पण पुढे ढकलल्या गेल्या. माझ्या नातवानं पट्टी वाचून विचारलं, "आजोबा, हे जीएस काय असतं?" तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

माझा अंदाज असा की चित्रकार माझ्याच वयाच्या आसपासचे असावेत. ते काढतात ते आमचं कॉलेज. कॅन्टीनमध्ये उधारीची वही, फळ्यावर लागलेला निकाल, गिटारवाला मुलगा, सायकल स्टँडवर वाट पाहणं. म्हणून मला त्या पट्ट्या वाचताना आत कुठेतरी बरंही वाटतं. पण मग गोष्ट बाबांच्या तरुणपणाची म्हणून सांगावी. आजी विचारते, बाबा सांगतात, ताई ऐकते. त्यात निवडणूकही येईल, जीपही येईल, आणि एकही ओळ खोटी ठरणार नाही. ताईच्या पाठीवर आमचं दप्तर कशाला?

होस्टेल_रूम_तीन

मी गोंदियाची. हिंगणा रोडला इंजिनिअरिंग करते, शेवटचं वर्ष. घरी आई ही मालिका रोज वाचते आणि मला फोन करून विचारते, "तुमच्याकडे पण असंच असतं का गं?" म्हणून लिहावंसं वाटलं.

ताईला पहिल्याच वर्षी होस्टेलमध्ये एकटीला खोली, खिडकीत कुंडी, खाली गुलमोहर. आम्ही एका खोलीत तिघी. तीन पलंग, दोन टेबलं, एक आरसा. उन्हाळी परीक्षेच्या वेळी नागपूरचं ऊन 45 अंशांवर, भिजवलेली ओढणी खिडकीला लावायची आणि पंख्याखाली जमिनीवर तिघींनी तीन दिशांना डोकं करून झोपायचं. मालिकेत मे महिन्यात गॅदरिंग सुरू असतं आणि सगळ्या पोरी शाल पांघरून नाचतात.

अभ्यास तर ताई करतच नाही. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली म्हणून डिटेन व्हायची भीती नाही, सेशनल परीक्षा नाही, फाइलवर सही घ्यायला सरांच्या केबिनबाहेर बसणं नाही, एक्स्टर्नल परीक्षक कोण येणार याची कुजबुज नाही. मला पहिल्या वर्षी गणितात बॅक लागला होता, म्हणजे विषय राहिला होता. घरी सांगायचं कसं म्हणून मी शुक्रवारी महाराष्ट्र एक्स्प्रेसनं गोंदियाला गेले, शनिवारभर सांगितलं नाही, रविवारी निघताना स्टेशनवर गाडी हलायला लागल्यावर दारातून बाबांना सांगितलं. बाबांना ऐकू आलं नाही. ते हात हलवत म्हणाले, "हो हो, पोचल्यावर फोन कर." मग फोनवर पुन्हा सगळं सांगावं लागलं. माझ्या वर्गातल्या प्रत्येकीकडे असं काहीतरी आहे. ताईला कधीच काही लपवावं लागत नाही, ती प्रत्येक परीक्षेत पहिली येते आणि बाबा पेढे आणतात.

पण मला सर्वांत वाईट वाटलं ते रॅगिंगच्या भागाचं. सीनिअर मुलगा ताईला सगळ्यांसमोर गाणं म्हणायला लावतो, ती रडते, दुसऱ्या आठवड्यात तोच तिला छत्री देतो आणि मग तोच तिचा मित्र. आई म्हणाली, "किती छान." आई, छान नाही गं. प्रवेश घेतानाच रॅगिंग करणार नाही म्हणून आमच्याकडून आणि आईबाबांकडूनही प्रतिज्ञापत्र घेतात. महाराष्ट्रात 1999 पासून कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि गुन्हा सिद्ध झाला तर विद्यार्थ्याला कॉलेजातून काढतात. माझ्या खोलीतली एक मुलगी पहिल्या वर्षी सुरुवातीचे अनेक दिवस मेसला जेवायलाच यायची नाही, कारण मेसच्या दारात सीनिअर मुली थांबवायच्या. आम्ही दोघी तिचं ताट खोलीवर आणायचो. शेवटी तिघींनी मिळून वॉर्डन मॅडमना सांगितलं आणि ते थांबलं. त्या सीनिअरपैकी कोणी छत्री दिली नाही. एखाद्या गावातल्या मुलीनं ती पट्टी वाचून 'सहन केलं की पुढे चांगलं होतं' असं धरलं तर?

मेडिकलचौक

बेटा, तुम्ही तिघींनी बरोबर केलं. धरमपेठकर मॅडमनी हे सगळं चित्रकारांना पत्रातून कळवावं आणि तुझं हे शेवटचं वाक्य त्यात घ्यावं. छातीत कळ आणि रॅगिंग या दोन गोष्टींत चित्रकाराला सूट द्यायला मी तयार नाही.

वर्धा_रोड_02

फी या विषयावर. मधल्या एका भागात ताईच्या फीसाठी बाबा बेसा रोडचा प्लॉट विकायला काढतात आणि आजी पाटल्या काढून देते. आमच्या घरी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मग माझ्या मुलीनंच आठवण करून दिली. 2024-25 पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीभूत फेरीतून प्रवेश घेतलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. आधी ती पन्नास टक्के होती. बाबांचं उत्पन्न त्याच्या वर असेल किंवा ते या गटांत बसत नसतील तर गोष्ट वेगळी, पण तसं एका फुग्यात म्हणायला काय हरकत होती? ज्या घरात मुलीला पुढे शिकवायचं की नाही याचा विचार सुरू आहे, तिथे 'प्लॉट विकावा लागतो' एवढंच पोचलं तर मुलीचं शिक्षण थांबेल. ही भीती मला फार खरी वाटते, माझ्या सासुरवाडीच्या गावात दोन घरांत अशीच बोलणी ऐकली आहेत.

सवलतीनं सगळा खर्च सुटत नाही, हेही सांगतो. खोलीचं भाडं, मेस, येणं-जाणं, पुस्तकं आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठीच्या चकरा राहतातच. मला विचाराल तर प्लॉटपेक्षा दाखल्याची पट्टी काढा. बाप अर्ज भरतोय, ओटीपी आईच्या मोबाइलवर येतो, आई भाजी आणायला गोकुळपेठेत गेली आहे, आणि ओटीपीची मुदत संपते. आमच्या घरी हे गेल्याच महिन्यात झालं. पाटल्यांपेक्षा आम्ही त्याला जास्त हसलो असतो.

रेषाप्रेमी

ओटीपीची पट्टी मी आत्ता कागदावर मांडून पाहिली. तीन चौकटींत बसते. पहिलीत बाबा संगणकासमोर आणि ओरडतायत, दुसरीत आई वांगी निवडतेय आणि पिशवीत मोबाइल वाजतोय, तिसरीत बाबा नव्यानं पहिल्या रकान्यापासून सुरुवात करतायत आणि मागे आजी विचारतेय, "आला का तो पाहुणा?" जागा नाही म्हणून काढता येत नाही, हा माझा मुद्दा इथे टिकत नाही हे मान्य. चित्रकाराला कोणीतरी हे सांगायला हवं असतं, एवढंच. घरबसल्या एकट्यानं रोज एक पट्टी काढणाऱ्या माणसाला आजचं कॉलेज कळणार कुठून?

सदर_वर्कशॉप

मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. मोठ्यांच्या चर्चेत धाकट्याकडे कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. गेल्या सोमवारपासून तो 'इंजिनिअरिंग कॉलेज'च्या वर्गात बसलाय, शेजारी दाढीवाली मुलं, फळ्यावर रॉकेट. दहावी झालेला मुलगा इंजिनिअरिंगच्या पदवीला बसूच शकत नाही. त्याला वाटा तीन: अकरावी, आयटीआय किंवा आमच्याकडे डिप्लोमा. डिप्लोमा तीन वर्षांचा, त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पालक मला दरवर्षी विचारतात, डिप्लोमानं वर्ष वाया जातं का? नाही जात. अकरावी-बारावी दोन आणि पदवी चार, अशी सहा. डिप्लोमा तीन आणि पदवीची तीन, अशीही सहाच.

अकरावीला घातलं असतं तर मालिकेला दाखवायला कॉलेज उरलंच नसतं. शहरातली सायन्सची कितीतरी मुलं क्लासला जातात आणि कॉलेजात प्रॅक्टिकलपुरती दिसतात. त्यामानानं डिप्लोमा चित्रकाराला फार देईल. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब असतो. मुलाच्या हातात लोखंडी पट्टीचा तुकडा आणि कानस द्यायची, आणि कडा काटकोनात आणायला सांगायचं. पंधरा वर्षांचा मुलगा, आयुष्यात पहिल्यांदा कानस धरतोय. एक बाजू सरळ झाली की गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून बघतो, दुसरी तिरपी निघते. ती घासतो, मग पहिली बिघडते. तुकडा लहान होत जातो. मी फटीतून उजेड दिसतो का ते बघतो आणि परत देतो. दुपारपर्यंत तळहाताला फोड. काही मुलं तो जॉब डब्याच्या पिशवीत घालून गुपचूप घरी नेतात आणि बापाच्या कानशीनं रात्री घासतात. आणि ड्रॉइंगची शीट! पावसात सायकलवरून गुंडाळी नेताना वर प्लास्टिक, तरी एक कोपरा भिजतोच, आणि भिजलेल्या कोपऱ्यावर पेन्सिल चालत नाही.

या मुलांतले पुष्कळ जण घरातले पहिलेच शिकणारे असतात. पेपरात त्यांना स्वतःसारखं कोणी दिसत नाही. धाकटा दिसला तर त्यांना फार आनंद होईल.

धरमपेठकर

सर, धाकट्याकडे लक्ष वेधलंत ते फार बरं झालं. ताईची तीन वर्षं आता परत आणता येणार नाहीत, पण धाकट्याचा तर हा पहिलाच आठवडा आहे. त्याला अजून योग्य वर्गात नेऊन बसवता येईल.

मी संपादकांमार्फत चित्रकारांना पत्र लिहितेय. होस्टेलवाल्या मुलीचा रॅगिंगचा मजकूर, डॉक्टरांचा छातीत कळ येण्याचा मुद्दा, फी सवलतीची माहिती आणि सरांचा फिटिंग जॉब, असं चौघांचं त्यांच्याच शब्दांत घालते. नावं घालणार नाही. रेषाप्रेमी, ओटीपीची तुमची रेखाटनं सोबत जोडू का? आणि सर, चित्रकारांना एकदा वर्कशॉप बघायला यायचं असेल तर चालेल का?

रेषाप्रेमी

जरूर जोडा. उद्या शाईनं नीट करून पाठवतो.

सदर_वर्कशॉप

प्राचार्यांना विचारून ठेवतो, नाही म्हणणार नाहीत. पहिल्या वर्षाची फिटिंगची बॅच सकाळी असते, तेव्हाच आणा. दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही. फक्त त्यांना बूट घालून यायला सांगा, चपलेवर आम्ही कोणालाच आत सोडत नाही.